मुलांच्या मानेवरची गाठ : चीर देण्याआधी तपासणी हवी

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन सुरू होते. पुढच्या रांगेत सात वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीला टेकून बसायची. घाम येईल अशा उकाड्यातही तिच्या गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली असायची. चौथ्या दिवशी वाचन संपल्यावर मी तिच्या आईला विचारले. ती आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “गाठ आलीय ताई. तीन महिने झाले. दुखत नाही काही, आंबेहळद लावतेय.”

ओढणी बाजूला केली. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती आणि तिला चिकटून मागे आणखी दोन लहान. वरची कातडी जांभळट, चकचकीत झालेली. खाली एक चीर होती. नाक्यावरच्या डॉक्टरने महिन्यापूर्वी ती दिली होती. पू निघाला, पट्टी बांधली, पण चीर भरलीच नाही, रोज थोडी थोडी वाहायची. तीन वेळा वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. तपासणी एकही झाली नव्हती. “उद्या पोरीचं लगीन व्हायचंय ताई, लोकांना दिसायला नको म्हणून झाकते,” आई म्हणाली.

ती गंडमाळ होती, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी. मुलगी आता बरी आहे, शाळेत जाते. पण तिचे तीन महिने वाया गेले आणि मानेवर कायमचा व्रण राहिला. गाठीचा आजार गोळ्यांनी बरा झाला, व्रण राहिला तो त्या चिरीचा. मी डॉक्टर नाही. वस्तीतल्या मुलांना दवाखान्यात घेऊन जाणे, केसपेपर काढणे, रिपोर्ट आणणे हे माझे काम. ते करताना बालरोगतज्ज्ञांकडून आणि टीबीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडून जे शिकले ते इथे मांडते आहे. विहारात, वस्तीत, आरोग्य शिबिरात काम करणाऱ्या तरुणांना ते उपयोगी पडेल.

आपल्या शरीरात लसिका ग्रंथी नावाच्या शेकडो छोट्या गाठी असतात. मानेत, काखेत, जांघेत त्या जास्त असतात. त्या आपल्या पहारेकरी. घसा, दात, कान, डोक्याची कातडी यांपैकी कुठेही जंतू शिरला की तो जवळच्या गाठीत अडवला जातो आणि त्या झटापटीत गाठ सुजते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतेच. पायाला जखम झाली की जांघेत येते ते अवधाण, काखेत येते ती काखमांजरी. मानेतल्या गाठीचे गणित याहून वेगळे नाही. गालगुंड मात्र वेगळे. त्यात सूज लाळेच्या ग्रंथीला, कानाच्या पुढे आणि खाली येते आणि कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की गाठ दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. लहान मुलांच्या मानेत वाटाण्याएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या मऊ गाठी लागणे अगदी सामान्य आहे. सर्दी-पडसे झाले की दोन्ही बाजूंच्या गाठी थोड्या फुगतात आणि काही आठवड्यांत उतरतात. हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, ते देऊही नये. मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या रेषेजवळ गाठी असतील तर आधी डोके पाहा. उवा, खाजवून झालेल्या जखमा, डोक्यातले गळू, नायटा यांपैकी काहीतरी सापडतेच. जबड्याखाली गाठ असेल तर तोंड उघडून दाढा पाहा. किडलेल्या दाढेतून गाठ सुजलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. आई-बाप गाठीवर लेप लावत बसतात आणि मूल रात्री दाढदुखीने रडत असते. दाढ बरी केली की गाठ उतरते.

यापुढची पायरी म्हणजे गाठीतच जंतूंची लागण होणे. हे बहुधा एक ते पाच वर्षांच्या मुलांत होते. गाठ एकाच बाजूला, दोन-चार दिवसांत वाढलेली, लाल, गरम आणि हात लावला की मूल ओरडते. सोबत ताप असतो. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस जातीचे असतात. कातडीवर आणि घशात राहणारेच हे. यावर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, साधारण दहा दिवसांचा कोर्स असतो. योग्य औषध असेल तर दोन-तीन दिवसांत ताप आणि दुखणे कमी व्हायला लागते. गाठ पूर्ण बसायला मात्र आठवडे लागतात. तीन दिवसांत काहीच फरक नसेल, किंवा गाठ मध्ये मऊ पडून बोटाखाली पाणी हलल्यासारखे लागत असेल, तर आत पू झालेला असू शकतो. मग सोनोग्राफी करतात आणि पू काढून टाकतात. अशा तीव्र लागणीत पू काढणे हा उपचारच आहे, तिथे चीर देणे चुकीचे नाही. पण निघालेला पू तपासणीला पाठवलाच पाहिजे. कोणता जंतू आहे, कोणते औषध त्याला लागू पडते, हे त्यातूनच कळते. आपल्याकडे तो कापसाने पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून ठेवते. मानेला सूज आणि ताप असताना मूल मान वळवत नसेल, तोंड उघडत नसेल, लाळ गिळता येत नसल्याने ती बाहेर गळत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. मानेच्या खोलवर पू झाला की श्वासनलिका दाबली जाऊ शकते. अशा वेळी नाक्यावरच्या दवाखान्यात न थांबता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे, रात्र असली तरी.

आता गंडमाळेकडे येते. इथली सगळी अडचण अशी की ती दुखत नाही. जी गाठ दुखते तिच्यासाठी आई धावते. जी दुखत नाही ती महिनोन्‌महिने तशीच राहते. टीबीची गाठ हळूहळू वाढते. आधी रबरासारखी लागते, मग शेजारच्या दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो. पुढे आत पू होतो, पण गाठ गरम नसते. डॉक्टर त्याला थंड गळू म्हणतात. शेवटी कातडी फुटून वाहायला लागते. काही मुलांना संध्याकाळचा बारीक ताप असतो, भूक मंदावते, वजन वाढत नाही. पण हे असेलच असे नाही. खेळणाऱ्या, खाणाऱ्या, तरतरीत दिसणाऱ्या मुलालाही गंडमाळ असू शकते. “टीबी असता तर खोकला नसता का आला?” हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकू येतो. टीबी फक्त फुप्फुसांना होतो असे आपण धरून चाललो आहोत. फुप्फुसांबाहेरच्या टीबीत गाठींचा टीबी आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्यांपैकी आहे आणि त्यातही मान ही नेहमीची जागा.

म्हणून कार्यकर्त्याने एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा : दोन आठवडे. सुपारीएवढी किंवा त्याहून मोठी गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल, साध्या अँटिबायोटिकच्या कोर्सनेही उतरली नसेल, तर गोळ्या बदलून पाहण्याची वेळ संपली. आता तपासणी करायची. घरात किंवा शेजारी कुणाला टीबी असेल तर तेवढेही थांबायचे नाही.

तपासणीचा मुख्य भाग म्हणजे सुई. बारीक सुईने गाठीतला थोडा अंश ओढून घेतात, त्याला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनएवढेच दुखते, भूल लागत नाही, मूल अर्ध्या तासात घरी जाते. पण या सुईला लोक फार घाबरतात. “सुई लावली की गाठ पसरते” हे वाक्य मी शिकलेल्या घरांतही ऐकले आहे. सुईने गंडमाळ पसरत नाही. उलट सुई न लावल्याने ती वाढते.

काढलेल्या नमुन्याचे पुढे काय होते, इथे कार्यकर्त्याने लक्ष घालायला हवे. नमुना दोन ठिकाणी जायला हवा. काचपट्टीवरचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तिथे पेशी कशा दिसतात ते कळते. दुसरा भाग सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवर जातो. या मशीनवर टीबीच्या जंतूचा अंश आहे की नाही ते काही तासांत कळते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही, हेही कळते. मुंबईसारख्या शहरात, जिथे औषधांना न जुमानणारा टीबी घरोघरी पोहोचला आहे, तिथे ही दुसरी माहिती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. या मशीनसाठी आणि जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी नमुना सलाइनमध्ये पाठवावा लागतो. तो सगळाच्या सगळा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला तर जंतू मरतात आणि मग तो वाढवून पाहता येत नाही. ऑपरेशन करून गाठ काढली तेव्हा हीच चूक झाल्याचे मी दोनदा पाहिले आहे. पालकांनी हजारो रुपये भरले, हातात ‘टीबीसारखे दिसते’ एवढेच लिहिलेला कागद आला आणि कोणते औषध चालेल ते कळायचा मार्ग बंद झाला. तेव्हा गाठीला हात लागण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “सर, थोडा नमुना सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीला जाणार ना?” कुणी रागावत नाही. रागावले तरी विचारा.

यासोबत छातीचा एक्स-रे काढतात, कोपर आणि मनगटाच्या मध्ये हातावर टीबीची सुई देऊन दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात, एचआयव्हीची तपासणीही सुचवतात. हातावरच्या या सुईवरून शरीरात जंतू शिरल्याचे कळते, आजार असल्याचे नाही. तेवढ्यावर औषध सुरू करणे बरोबर नाही. सरकारी केंद्रांत टीबीच्या या तपासण्या मोफत होतात.

आता चिरीबद्दल. थंड गळूला साध्या गळवासारखी चीर दिली की ती भरत नाही, महिनोन्‌महिने वाहत राहते. त्या मुलीचे हेच झाले. पू फारच साठला असेल तर डॉक्टर बाजूच्या निरोगी कातडीतून सुई घालून तो ओढून घेतात. त्यामुळे वाहती वाट तयार होत नाही. आणि दोन औषधांपासून सावध राहायचे. लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक टीबीच्या जंतूलाही थोडी दाबतात. चार दिवस बरे वाटते, तपासणीत जंतू सापडत नाही आणि आजार आत वाढतो. दुसरे म्हणजे स्टेरॉइड. सूज उतरवण्याचे म्हणून नाक्यावर सर्रास इंजेक्शन दिले जाते. टीबीत ते घातक ठरू शकतेच, पण गाठ रक्ताच्या किंवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती विरघळते आणि खरे निदान कठीण होऊन बसते. कर्करोग मुलांत क्वचितच असतो, पण हाडाच्या वरच्या खळगीत आलेली गाठ, दगडासारखी कडक आणि न हलणारी गाठ, सोबत फिकटपणा, अंगावर काळे-निळे डाग, हाडे दुखणे असे काही असेल तर दोन आठवड्यांचा हिशेब लावू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

तान्ह्या बाळांच्या आयांसाठी एक दिलासा. बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात. त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डाव्या काखेत किंवा त्याच बाजूच्या गळ्याच्या हाडाजवळ छोटी गाठ येऊ शकते. बाळ छान पीत असेल, ताप नसेल, तर ती बहुतेक वेळा आपोआप जाते. डॉक्टरांना दाखवावे, पण लेप, शेक, चोळणे काही करू नये. आणि या भीतीने पुढच्या बाळाची लस चुकवू नये.

गंडमाळेवर बिब्बा घालणे, डाग देणे, गंडादोरा बांधणे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले. फक्त आपल्याकडेच नव्हे. इंग्लंडात या आजाराला ‘राजाचा रोग’ म्हणत आणि राजाने हात लावला की तो बरा होतो असे मानत. पुढे इंग्रजी शब्दकोशामुळे नाव कमावलेले सॅम्युअल जॉन्सन लहानपणी या आजाराने ग्रासले होते. १७१२ साली राणी अ‍ॅनने त्यांना स्पर्श केला. गाठी काही गेल्या नाहीत, शेवटी कापाव्या लागल्या आणि ते व्रण आयुष्यभर राहिले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू जगापुढे ठेवला, तेव्हा गंडमाळेचा राजाशी किंवा करणीशी संबंध नाही हे सिद्ध झाले. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते, हे आपण विहारात रोज ऐकतो. तरीही गाठ आली की आपल्याच वस्तीतली माणसे आधी उतारा करतात. बौद्ध घरांत दोरे बांधत नाहीत असे मी म्हणणार नाही. मी स्वतः कात्रीने कापले आहेत, आईची परवानगी घेऊन.

उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, रोज. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर महिन्याला वजन करून घ्यायचे. मूल खाऊन-पिऊन वाढायला लागले की गोळ्यांची संख्याही बदलू शकते. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही तर आई रक्त समजून औषध बंद करते, असे घडलेले आहे. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, पोट दुखणे, नीट न दिसणे यांतले काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

आणखी एका कारणाने लोक औषध सोडतात. उपचार सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की काही मुलांच्या गाठी उलट मोठ्या होतात, कधी नवी गाठही येते. घरात लगेच “औषध लागू पडत नाही” अशी चर्चा सुरू होते. पुष्कळदा ही शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. मेलेल्या जंतूंच्या अंशाशी तिची झुंज चाललेली असते. डॉक्टर पाहतात, गरज वाटली तर पुन्हा सुई लावतात, पण औषध चालू ठेवतात. तसेच सहा महिने संपल्यावर वाटाण्याएवढी गाठ उरली तर ते अपयश नव्हे. आपल्या त्या मुलीला आजही एक छोटी गाठ हाताला लागते. दर तीन महिन्यांनी आम्ही दाखवून येतो.

आता सर्वांत अवघड भाग. लहान मूल टीबी कुठून आणते? बहुतेक वेळा घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाकडून, ज्याच्या फुप्फुसात टीबी आहे आणि जो खोकतो आहे. मुलाच्या मानेतल्या गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, पण ती गाठ सांगते की या घरात कुणीतरी आजारी आहे आणि त्याला ते माहीत नाही किंवा तो लपवतो आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत तो तिचा मामा निघाला. रात्रपाळीचा वॉचमन, दिवसा त्याच दहा बाय बाराच्या खोलीत झोपणारा. खोकला विडीचा आहे असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. गाठ आली म्हणून मामाचा आजार सापडला, नाहीतर घरातली आणखी दोन लहान मुले आजारी पडली असती. त्या दोघांना तपासून प्रतिबंधक औषध दिले, तेही मोफत मिळते.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसनाच्या इमारतींत दोन इमारतींमधले अंतर इतके कमी आहे की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. टीबीचा जंतू अशाच बंद हवेत टिकतो. झोपडी पाडून ‘पक्के घर’ दिले म्हणून आरोग्य येत नाही, त्या घराला खिडकी कुठे आहे हे पाहावे लागते. तिथे कोण राहायला जाते हे वेगळे सांगायला नको. मुलाच्या गाठीसाठी आईला जबाबदार धरणाऱ्यांनी एकदा त्या जिन्यातून चढून यावे.

त्या आईचा लग्नाचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. टीबी झालेल्या मुलीला स्थळ येत नाही, हे आपल्या समाजातही खरे आहे. मी तिला एवढेच सांगितले की गाठीचा टीबी बरा होतो, मुलीची ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, डॉक्टरांनी फुप्फुसे ठीक असल्याचे सांगितले तर ती शाळेतही जाऊ शकते. जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या एका बाईचा. वाचनाला येणाऱ्या एका आजीने सगळ्यांसमोर पदर सरकवून स्वतःच्या मानेवरचा जुना व्रण दाखवला. “मला पन झालती. चार लेकरं झाली, नातवंडं झाली,” ती म्हणाली. त्यानंतर ओढणी सुटली.

विहाराच्या शिबिरात एक साधे काम करता येते. वजन-उंची मोजताना प्रत्येक मुलाच्या मानेला दोन्ही बाजूंनी हात लावून पाहायचा आणि गाठ लागली तर तारीख लिहून ठेवायची. दोन आठवड्यांनी त्याच घरी जायचे. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात, त्यांनाही ही मुले दाखवा. टीबी निघाला तर निक्षय पोर्टलवर नोंद झाली का ते पाहा. खासगी डॉक्टरलाही ही नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. आधी ही रक्कम ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती वाढली. मुलाचे खाते नसेल तर पालकाचे चालते, पण ते आधारशी जोडलेले आणि चालू असावे लागते. आमचे पहिले पैसे बंद पडलेल्या खात्यामुळे अडकले होते. बँकेत दोन चकरा मारल्या, केवायसी केले, मग आले. अडचण आली तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर टीबीची हेल्पलाइन आहे.